सहाचा आकडा सातवर का गेला नाही?

“पान बेचाळीस उघडा,” असे वर्गात सांगितले की कुठल्या तरी बाकावरून हमखास आवाज येतो, “बाई, माझ्या पुस्तकात त्या पानावर भलतेच चित्र आहे.” ताईचे पुस्तक धाकट्या भावाकडे आलेले असते. पुस्तक तेच, धडे तेच, स्वाध्यायही तेच. नव्या छपाईत मध्येच कुठे तरी एक नकाशा मोठा केला आणि पुढची सगळी पाने दोनने सरकली, एवढेच झालेले असते. मग आपण पानाचा आकडा सोडून धड्याचे नाव सांगतो आणि तास पुढे सुरू होतो.

माणसांच्या वर्गात ही अडचण अर्ध्या मिनिटात सुटते. संगणकाच्या जगात मात्र याच अडचणीवर कित्येक हुशार माणसांनी आयुष्याची वर्षे घालवली आहेत. कारण संगणक जी आज्ञावली प्रत्यक्ष चालवतो, तिच्यातून धड्यांची नावे बहुतेक पुसली गेलेली असतात. उरलेले असतात ते पानांचे आकडे.

हे थोडे समजावून घेऊ. आज्ञावली लिहिली जाते ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत, उदाहरणार्थ सी या भाषेत. या लिखाणाला मूळ संहिता म्हणू. कंपायलर नावाची दुसरी एक आज्ञावली तिचे रूपांतर यंत्रभाषेत करते. मूळ संहितेत ‘विद्यार्थ्याचे गणिताचे गुण’ असे लिहिलेले असते. यंत्रभाषेत त्याचे होते ‘नोंद जिथे सुरू होते तिथून आठ बाइट सोडा आणि पुढचे चार बाइट वाचा’. आता शाळेतले निकालपत्रक डोळ्यांसमोर आणा. मराठी, इंग्रजी आणि गणित असे त्यात रकाने आहेत. पुढच्या वर्षी इंग्रजीनंतर हिंदीचा रकाना घातला. डोक्यावरचे मथळे वाचून गुण शोधणाऱ्याला काहीच फरक पडणार नाही. पण ‘तिसरा रकाना म्हणजे गणित’ असे पाठ केलेला कारकून हिंदीचे गुण गणित म्हणून उतरवून घेईल. त्याला आपली चूक कळणारही नाही, कारण त्या रकान्यात आकडाच आहे आणि तो शंभराच्या आतलाच आहे.

यंत्रभाषेतील आज्ञावली म्हणजे असा पाठांतर केलेला कारकून. मूळ संहिता पुन्हा एकदा कंपायलरमधून काढली की त्याचे पाठांतर नवे होते आणि चूक सुटते. म्हणून जुळणी दोन प्रकारची धरावी लागते. मूळ संहिता न बदलता नुसती पुन्हा रूपांतरित करून काम भागत असेल, तर ती एक तऱ्हेची सुसंगतता. आणि रूपांतरही न करता जुनी यंत्रभाषेतील आज्ञावली जशीच्या तशी चालत असेल, तर ती दुसरी, अधिक अवघड तऱ्हेची. हिला बायनरी सुसंगतता म्हणतात. लेखाच्या शीर्षकातला सहा हा आकडा या दुसऱ्या सुसंगततेचा आहे.

पण हा कारकून दुसऱ्याच्या निकालपत्रकात डोकावतो कशाला? कारण कुठलीही आज्ञावली एकटी नसते. केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी एडसॅक नावाचा संगणक प्रथम चालला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांच्या लगेच लक्षात आले की वर्गमूळ काढणे, भागाकार करणे, उत्तर छापणे ही कामे प्रत्येक जण नव्याने लिहितो आणि नव्याने चुका करतो. त्यांनी अशी उपकार्ये एकदाच नीट लिहून छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर उतरवली आणि त्या पट्ट्या कपाटात लावून ठेवल्या. या तिघांचे पुस्तक १९५१ साली निघाले तोवर या लायब्ररीत ८७ उपकार्ये जमली होती. कोणाला वर्गमूळ हवे असेल तर त्याने ती पट्टी काढायची, यंत्रावर तिची नक्कल आपल्या पट्टीत करून घ्यायची आणि मूळ पट्टी कपाटात परत ठेवायची.

नक्कल करण्याची ही पद्धत पुढे कित्येक वर्षे टिकली. पट्टीच्या जागी चुंबकीय तबकडी आली एवढेच. तिचा मोठा गुण म्हणजे एकदा नक्कल झाली की कपाटात काहीही बदलो, आपल्या आज्ञावलीला धक्का लागत नाही. दोषही नेमका हाच. कपाटातल्या पट्टीतली चूक कोणी दुरुस्त केली तरी ती दुरुस्ती आधीच्या नकलांपर्यंत पोचत नाही. शिवाय शंभर आज्ञावल्यांमध्ये तेच वर्गमूळ शंभर वेळा जागा अडवून बसते.

यावरचा उपाय म्हणजे नक्कल करायचीच नाही. आज्ञावलीत फक्त लायब्ररीचे नाव लिहून ठेवायचे आणि आज्ञावली सुरू होताना दोघांची गाठ घालून द्यायची. १९६० च्या दशकात मल्टिक्स या प्रणालीत हे करून झाले होते. युनिक्सच्या घराण्यात ते रुळले १९८० च्या दशकात. सन कंपनीची सनओएस ४.० ही प्रणाली १९८८ साली आली. तिच्यात अशा सामायिक लायब्रऱ्या होत्या आणि प्रत्येक लायब्ररीच्या नावामागे दोन आकडे असत. काही नवे घातले, पण जुने सगळे जसेच्या तसे ठेवले, तर दुसरा आकडा वाढवायचा. जुने काही मोडले तर पहिला वाढवायचा. आज्ञावली सुरू होताना पहिला आकडा तंतोतंत जुळला पाहिजे, दुसरा मात्र निदान तेवढा तरी हवा. आवृत्तीचा आकडा हे एक वचन असते आणि ते यंत्राला वाचता येईल अशा रीतीने लिहिता येते, हा विचार इथे स्पष्ट दिसतो. पुढे जे काही झाले ते या वचनाचा अर्थ काय यावरून झालेले भांडण आहे, असे म्हटले तरी चालेल.

लिनक्सचा जन्म १९९१ चा. लिनक्सवरील जवळजवळ प्रत्येक आज्ञावली ज्या लायब्ररीवर उभी असते तिचे नाव लिब-सी. फाइल उघडणे, स्मृतीत जागा मागणे, अक्षरे छापणे, वेळ विचारणे अशी कामे तिच्याकडे असतात. ती ग्नू प्रकल्पात आधीपासूनच लिहिली जात होती. पण लिनक्सवाल्यांना घाई होती. त्यांनी तिची एक वेगळी शाखा काढून स्वतःच सांभाळायला घेतली. या शाखेच्या चौथ्या आवृत्तीपर्यंतची तऱ्हा आज ऐकली तर हसू येते. प्रत्येक सामायिक लायब्ररीने स्मृतीत कुठल्या पत्त्यावर बसायचे हे कायमचे ठरलेले असे आणि दोन लायब्रऱ्या एकाच जागेवर येऊ नयेत म्हणून पत्ते वाटून दिल्याची यादी ठेवावी लागे. पानाचे आकडे ठरवण्यासाठी जणू एक तलाठीच नेमलेला. पाचव्या आवृत्तीबरोबर १९९५ च्या सुमारास इएलएफ हा नवा आराखडा आला. त्यात फंक्शनचा पत्ता आधी ठरत नाही. आज्ञावली सुरू होताना नाव विचारून तो शोधला जातो. म्हणजे निदान फंक्शनपुरते तरी पानाच्या आकड्याऐवजी धड्याचे नाव वापरायची सोय झाली. नोंदींचे रकाने मात्र पाठांतरातच राहिले.

१९९७ च्या सुरुवातीला ग्नू लिब-सीची २.० ही आवृत्ती निघाली. ती एकाच वेळी चालणाऱ्या अनेक धाग्यांच्या आज्ञावल्या सांभाळू शकत होती आणि इतरही बाबतींत लिनक्सच्या शाखेपेक्षा पुढे गेली होती. तेव्हा लिनक्सवाल्यांनी आपली शाखा सोडून मूळ झाडाकडे परत यायचे ठरवले. इथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. नव्या लायब्ररीची स्वतःची आवृत्ती २.०, पण लिनक्सवर पाच हा आकडा आधीच वापरून झालेला. म्हणून तिच्या फाइलच्या नावात सहा आला: लिबसी.एसओ.६. पहिला आकडा लायब्ररी लिहिणाऱ्यांचा आणि दुसरा तिच्यावर विसंबणाऱ्या आज्ञावल्यांसाठीचा. हे दोन आकडे वेगळे का असतात हे लक्षात आले की या विषयाचे अर्धे कोडे सुटते. एक सांगतो, आम्ही किती काम केले. दुसरा सांगतो, तुमचे जुने पाठांतर अजून चालेल की नाही.

पाचवरून सहावर जाणे सोपे गेले नाही. रेड हॅटने डिसेंबर १९९७ मध्ये ५.० या आवृत्तीत उडी घेतली, तर डेबियनने जुलै १९९८ मध्ये २.० या आवृत्तीत. त्या काळात एकाच यंत्रावर दोन्ही लायब्रऱ्या ठेवाव्या लागत. आणि खरा धोका त्यातच होता. एखादी आज्ञावली सहावर उभी, पण ती जी तिसरी लायब्ररी वापरते ती पाचवर बांधलेली. मग एकाच घरात दोन निकालपत्रके आणि दोन कारकून. एकाने स्मृतीतली जागा मागायची आणि ती परत करायला दुसऱ्याकडे जायचे. आज्ञावली कोसळे, पण कशामुळे ते सांगणारा संदेश क्वचितच येई.

याच सुमारास विंडोजवाल्यांच्या घरीही हेच दुखणे वेगळ्या रूपात होते. तिथे नवी आज्ञावली बसवताना ती आपल्याबरोबर सामायिक लायब्ररीची स्वतःची प्रत आणी आणि आधीची प्रत खुशाल पुसून टाकी. मग कालपर्यंत नीट चालणारे दुसरेच काही तरी बंद पडे. सामायिक लायब्ररीला तिथे डीएलएल म्हणतात, आणि या प्रकाराला इंग्रजीत नाव पडले तेही ‘डीएलएलचा नरक’ अशाच अर्थाचे. विंडोज २००० मध्ये महत्त्वाच्या फाइलींना पहारा बसला, तर २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय आली.

लिनक्सच्या मंडळींनी मात्र या दुखण्यातून वेगळा धडा घेतला: सातवर पुन्हा जायचेच नाही. आकडा वाढवला की सगळ्या जगाला एका दिवशी घर बदलायला सांगावे लागते. पण लायब्ररी तर बदलत राहणारच. मग करायचे काय?

उत्तर होते सन कंपनीच्या सोलारिस प्रणालीत. तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यात आवृत्तीचा आकडा पूर्ण लायब्ररीला न देता तिच्यातल्या एकेका नावाला देण्याची युक्ती निघाली होती. उलरिक ड्रेपर यांच्या पुढाकाराने ग्नू लिब-सीने ती उचलली आणि तिच्यात आपली भर घातली. १९९९ साली निघालेल्या २.१ या आवृत्तीपासून ती वापरात आली. फाइल उघडणाऱ्या एफ-ओपन या फंक्शनचे उदाहरण घ्या. उघडलेल्या फाइलची माहिती ज्या नोंदीत असते, तिची रचना २.१ मध्ये बदलावी लागली, म्हणजे निकालपत्रकाचे रकाने सरकले. तेव्हा लायब्ररीत दोन एफ-ओपन ठेवले गेले. एकावर शिक्का २.० चा, दुसऱ्यावर २.१ चा. आज्ञावली रूपांतरित होताना जो शिक्का चालू असेल तो तिच्यात नोंदला जातो, आणि वर्षानुवर्षे तिला त्याच शिक्क्याचे फंक्शन मिळते. १९९८ च्या कारकुनासाठी १९९८ चे निकालपत्रक, नव्यासाठी नवे. आणि दोन्ही एकाच कपाटात.

हे वचन एकाच दिशेचे आहे, हेही सांगायला हवे. जुनी आज्ञावली नव्या लायब्ररीवर चालेल. नवी आज्ञावली जुन्या लायब्ररीवर चालेल असे कोणी म्हटलेले नाही, आणि म्हणता येणारही नाही. मागच्या वर्षीच्या पुस्तकात यंदाचा नवा धडा कसा सापडणार? २०२१ च्या ऑगस्टमध्ये २.३४ ही आवृत्ती आली. तिच्यावर रूपांतरित केलेली आज्ञावली जुन्या यंत्रावर नेली तर ‘२.३४ चा शिक्का सापडत नाही’ एवढेच सांगून ती बंद होते. महाविद्यालयातले विद्यार्थी आपल्या घरच्या संगणकावर तयार केलेली आज्ञावली प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रावर नेतात तेव्हा हा संदेश त्यांना चकित करतो. खरे तर तो उपकारच आहे. कारकून चुकीचा रकाना मुकाट्याने उतरवण्याऐवजी ‘हे पत्रक माझे नाही’ असे तोंडाने सांगतो.

आता प्रश्न येतो की वचनात नेमके काय धरायचे. २०१० च्या शेवटी फेडोरा १४ ही प्रणाली वापरणाऱ्यांची तक्रार आली की इंटरनेटवरील गाणी फ्लॅशमधून ऐकताना आवाज चिरकतो. शोधता शोधता दोषी सापडले मेम-कॉपी, म्हणजे स्मृतीतला मजकूर एका जागेहून दुसऱ्या जागी उतरवणारे अगदी साधे फंक्शन. मुलांची एक रांग एका बाकाने पुढे सरकवायची असेल तर पुढच्या मुलापासून सुरुवात करावी लागते. मागून केली तर दोघे एका बाकावर येतात. मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर येत असतील तर असा विचार करावा लागतो. त्यासाठी मेम-मूव्ह हे वेगळे फंक्शन आहे, आणि मेम-कॉपी अशा वेळी वापरू नका असे सीच्या प्रमाण व्याख्येत स्पष्ट सांगितलेले आहे. फ्लॅशने ते वापरले होते. इतकी वर्षे मेम-कॉपी सुरुवातीकडून शेवटाकडे उतरवत असल्याने निभावले. नव्या लायब्ररीत काही प्रोसेसरांवर वेग वाढावा म्हणून ते शेवटाकडून उतरवू लागले आणि चूक उघडी पडली.

लायब्ररीचे म्हणणे, आम्ही वचन मोडले नाही. फ्लॅशने नियम मोडला. अक्षरशः खरे. लिनसने स्वतः या तक्रारीत लक्ष घातले. त्याचे म्हणणे, कालपर्यंत गाणे नीट ऐकू येत होते, आज येत नाही, आणि वापरणाऱ्याला नियमाशी काही देणेघेणे नाही. शेवटी २०११ च्या २.१४ मध्ये तोड निघाली ती शिक्क्यांचीच. नव्याने रूपांतरित होणाऱ्यांना नवे, वेगवान मेम-कॉपी. जुन्या शिक्क्याने मागणाऱ्यांना मेम-कॉपीच्या नावाखाली मेम-मूव्ह. मला विचाराल तर या वादात दोन्ही बाजू बरोबर होत्या, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा. गूगलमधील हायरम राइट या अभियंत्याच्या नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: वापरणारे पुरेसे असले की तुम्ही लेखी काय कबूल केले आहे याला महत्त्व उरत नाही, जे जे दिसते त्या प्रत्येक गोष्टीवर कोणी ना कोणी विसंबलेले असतेच. शाळेत तिसऱ्या तासाची घंटा रोज दोन मिनिटे उशिरा होत असेल तर काही दिवसांनी खाऊवाला तीच वेळ धरून फाटकाशी येतो. घंटा दुरुस्त केली की गैरसोय त्याची.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एडसॅकची नक्कल करायची पद्धत काय वाईट होती, असे कोणी विचारील. ७ एप्रिल २०१४ हा दिवस त्याचे उत्तर देतो. इंटरनेटवरील गुप्त संभाषण सांभाळणाऱ्या ओपन-एसएसएल या लायब्ररीत मार्च २०१२ पासून एक भगदाड होते. त्यातून समोरच्या यंत्राच्या स्मृतीतले ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे पुन्हा पुन्हा मागून घेता येत आणि त्यात पासवर्ड, कधी कधी गुप्त किल्ल्याही सापडत. हार्टब्लीड या नावाने ते गाजले. त्या दिवशी १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती निघाली. तिच्या आधीच्या १.०.१एफशी ती बायनरी पातळीवर सुसंगत होती. त्यामुळे ज्या यंत्रांवर लायब्ररी सामायिक होती तिथे एक फाइल बदलली, सेवा बंद करून पुन्हा सुरू केल्या, की त्या यंत्रावरच्या लायब्ररी वापरणाऱ्या सगळ्या आज्ञावल्यांमधले भगदाड एकदम बुजले. एकीचेही नव्याने रूपांतर करावे लागले नाही. जिथे नकला होत्या तिथे प्रत्येक नक्कल शोधत बसावे लागले.

ओपन-एसएसएलवाल्यांनी यानंतर जे केले ते शिकवण्यासारखे आहे. त्यांच्या लायब्ररीतल्या नोंदींचे रकाने आज्ञावल्यांना उघडे दिसत आणि लोक थेट रकान्यातून वाचत-लिहीत. म्हणजे रकाना हलवायची सोयच उरली नव्हती. ऑगस्ट २०१६ मध्ये १.१.० आवृत्तीत त्यांनी बहुतेक निकालपत्रके कुलूपबंद केली. पूर्वी बँकेत धनादेश दिला की पितळी टोकन मिळे. टोकन हातात, खातेवही काउंटरच्या पलीकडे. तसे आज्ञावलीच्या हाती फक्त टोकन द्यायचे, आणि जे हवे ते फंक्शनकडे मागायचे. यासाठी सुसंगतता मोडावी लागली, असंख्य आज्ञावल्या दुरुस्त कराव्या लागल्या आणि लोक वैतागले. फळ दोन वर्षांनी मिळाले. सप्टेंबर २०१८ च्या १.१.१ मध्ये संभाषणाचा टीएलएस १.३ हा नवा नियमसंच आला. एवढा मोठा बदल, तरी १.१.० वर बांधलेल्या बहुतेक आज्ञावल्यांना तो नुसती लायब्ररी बदलून मिळाला. काउंटरच्या पलीकडे वही बदलली. टोकन तेच राहिले.

दरम्यान मूळ संहितेच्या जगातही आकड्यांचा गोंधळ माजला होता. लायब्रऱ्या हजारोंनी वाढल्या, प्रत्येक जण मनाला येईल तसा आकडा देई. गिटहबच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी या प्रघातांना नियमांचे रूप दिले. त्याला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात. त्याची २.०.० ही आवृत्ती २०१३ ची, म्हणजे नियमावलीही स्वतःचे नियम पाळते. आकडे तीन. जुने मोडले तर पहिला वाढतो, जुने राखून नवे घातले तर दुसरा, नुसती चूक सुधारली तर तिसरा. पहिला शून्य असेल तर अजून कसलेच वचन नाही. सनच्या दोन आकड्यांचे हे नातवंड आहे हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ओपन-एसएसएलनेही सप्टेंबर २०२१ च्या ३.०.० पासून अक्षरे सोडून असे तीन आकडे घेतले. पण ही नियमावली बोलते ती जाहीर केलेल्या वापराबद्दल. नोंद किती बाइटची, याबद्दल ती काही सांगत नाही. मूळ संहितेच्या दृष्टीने दुसऱ्या आकड्याचा निरुपद्रवी बदल यंत्रभाषेतल्या कारकुनाचा घात करू शकतो. आणि मेम-कॉपीसारख्या प्रकरणात कुठला आकडा वाढवायचा हे ती काय सांगणार?

आकड्यांच्या या पसाऱ्यात डोनाल्ड नुथ यांचा टेक् हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम वेगळा उठून दिसतो. १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर त्यांनी नवे काही घालणेच थांबवले. प्रत्येक दुरुस्तीला पायचा एकेक अंक पुढे जोडला जातो. २०२१ साली आकडा ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर आवृत्ती पाय धरावी आणि उरलेल्या चुकांना गुणविशेष समजावे, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. सगळ्यांना हे परवडणारे नाही, पण वचन म्हणून याहून स्वच्छ काही मला माहीत नाही.

लिबसीच्या सहा आकड्याची खरी कसोटी मात्र काळानेच घेतली, आणि हे शब्दशः. युनिक्स घराण्यात वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. जुन्या ३२ बिटी यंत्रांवर हा आकडा ४ बाइटच्या रकान्यात बसवलेला आहे आणि त्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी संपतात. पुढच्या सेकंदाला घड्याळ १३ डिसेंबर १९०१ दाखवू लागते. रकाना ८ बाइटचा केला की प्रश्न मिटतो, पण मग त्याच्यानंतरचे सगळे रकाने सरकतात. ज्या आज्ञावलीने ४ बाइटची जागा राखून ‘यात वेळ लिही’ असे सांगितले, तिच्या जागेत लायब्ररी ८ बाइट लिहील आणि शेजारचे काही तरी पुसून टाकील.

ओपन-बीएसडी या प्रणालीच्या मंडळींनी मे २०१४ च्या ५.५ आवृत्तीत सरळ रकाना रुंद केला. त्यांच्याकडे सगळ्याची मूळ संहिता हाताशी असते आणि सगळे पुन्हा रूपांतरित करण्याचा रिवाज आहे, त्यामुळे पाठांतराची त्यांना फिकीर नव्हती. लिनक्सला ते शक्य नव्हते. तिथे २०२० साली गाभ्यातले काम पुरे झाले, २०२१ च्या लिब-सी २.३४ मध्ये वेळेची ४ बाइटवाली आणि ८ बाइटवाली अशी दोन्ही फंक्शने एकाच फाइलीत आली आणि सहा हा आकडा पुन्हा एकदा वाचला. पण बाकीच्या लायब्रऱ्यांकडे अशी दुहेरी व्यवस्था नव्हती. ज्यांच्या नोंदींमध्ये कुठे तरी वेळ येते अशा शेकडो लायब्रऱ्यांच्या पॅकेजांना डेबियनने २०२४ साली ‘टी६४’ हे शेपूट लावले आणि त्यांच्यावर विसंबणारे सगळे पुन्हा रूपांतरित केले. ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेर पडलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी एआरएम यंत्रांची वेळ ८ बाइटची आहे.

एक घर मात्र मुद्दाम जुनेच ठेवले गेले. इंटेलच्या जुन्या ३२ बिटी यंत्रांसाठी असलेल्या डेबियनमध्ये वेळेचा रकाना ४ बाइटचाच आहे. त्या घराचा आज मुख्य उपयोग म्हणजे ज्यांची मूळ संहिता हाती नाही अशा जुन्या आज्ञावल्या चालवणे. रकाना रुंद केला तर त्या बंद पडतील, नाही केला तर २०३८ पर्यंत चालतील. त्या आज्ञावल्यांचे सेकंद संपतील तेव्हा आपल्याकडे मंगळवार असेल आणि सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील.